थंडीत तलंगा मोठ्या कोंबड्यांत सोडाव्या, की संक्रांत होऊ द्यावी?

मानेवाड्याची गच्ची
माझ्याकडे सहा जुन्या कावेरी जातीच्या कोंबड्या आहेत. महिन्याभरापूर्वी सात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या, आता १२ आठवड्यांच्या झाल्या. आतापर्यंत वेगळ्याच ठेवल्या. आई म्हणते, संक्रांतीपर्यंत सोडू नको, थंडीत पाखरं दगावतात. मला पटत नाही. कोंबडीचं अंग ४१ अंश गरम, पिसं पूर्ण आलेली, नागपूरची थंडी त्यांचं काय वाकडं करणार? उलट सध्या जुन्या कोंबड्या अंडी कमीच देतात, भांडणानं अजून थोडी कमी झाली तरी नुकसान नाही. येत्या रविवारी सोडतोय.

कळमेश्वरवाला
चुकून राहिले भाऊ. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर गेला होता, त्याच आठवड्यात मी नऊ तलंगा मोठ्यांत सोडल्या. थंडीनं एकही नाही मेली, तुमचं तेवढं खरं. पण मोठ्यांनी त्यायले रात्री बसायच्या दांड्यावर चढूच नाही दिलं. खाली कोपऱ्यात गारठून एकीवर एक बसल्या. सकाळी पाहतो तं तळातल्या दोन गुदमरून मेलेल्या. मी तं फेब्रुवारीआधी हात नाही लावत आता.

मानेवाड्याची गच्ची
हा दांडा कमी पडल्याचा दोष झाला दादा, महिन्याचा नाही. फेब्रुवारीत माझ्या तलंगा २० आठवड्यांच्या होतील, नेमक्या अंड्यावर येतील. तेव्हा मारामारी झाली तर पहिली अंडी लांबणार, आणि पुढे लगेच उन्हाळा. नागपुरात कोंबड्या मरतात त्या मे महिन्यात.

पशुवैद्यकची विद्यार्थिनी
दोघंही पाऱ्यावर भांडताय. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, म्हणजे पाखरं १३ तास खुराड्यात. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते. खरी टोचाटोची पहाटे उजाडल्यापासून तुम्ही दार उघडेपर्यंत. आणि थंडीत लोक रजईतून कधी उठतात? त्या तासाभरात लहान तलंगेला पळायला जागाच नसते. म्हणून सोडायचंच तर दिवस उगवताच दार उघडणारा माणूस घरात हवा. शिवाय गारठा नको म्हणून गोणपाटानं सगळं बंद करू नका. विष्ठेचा अमोनिया कोंडतो आणि पाखरं घरघरायला लागतात. वरून हवा खेळू द्या, झोत फक्त दांड्याच्या उंचीवर अडवा.

माझा आक्षेप वयावर आहे. १२ आठवड्यांची तलंग जुनीच्या निम्म्यानं. १६ पर्यंत थांबा.

काटोल रोड
रोगाचं कोणीच का बोलत नाही? नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. हिवाळा म्हणजे बाहेरून पक्षी येण्याचा काळ. बाजारातून पाखरं आणू नयेत आणि मिसळू तर अजिबात नयेत.

कळमेश्वरवाला
वाघ कुठं, गच्चीवरच्या कोंबड्या कुठं! पण त्यायनं महिनाभर वेगळ्या ठेवल्या, ते चांगलं केलं.

पशुवैद्यकची विद्यार्थिनी
वेगळ्या म्हणजे किती वेगळ्या? एकच माणूस त्याच चपलांनी दोन्हीकडे जात असेल तर काही उपयोग नाही. आणि खाद्य कुठलं घालणार? लेयर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, तलंगेला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडाला मारक. सगळ्यांना ग्रोवर (वाढत्या पाखरांचं खाद्य) द्या, मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. आणि खाद्याची-पाण्याची भांडी दोन-दोन ठिकाणी.

मानेवाड्याची गच्ची
चपला तर त्याच होत्या. रविवार रद्द. आजपासून मधे जाळी ठोकतो, दोन्हीकडून एकमेकींना पाहू देत. दुसरा दांडाही लावतो.

कळमेश्वरवाला
जाळीतून दिसणं वेगळं अन् दांड्यावर जागा भेटणं वेगळं. फेब्रुवारीच म्हणतो मी.

मानेवाड्याची गच्ची
१६ आठवडे झाले की रात्री अंधारात उचलून दांड्यावर बसवीन आणि पहाटे सहाला दार उघडीन. आत्ता कॅलेंडर पाहिलं, १६ आठवडे नेमके १४ जानेवारीला भरतात. आईला हे कसं सांगू ते कोणीतरी सुचवा.