कॅटची तयारी सीईटीला पुरते का?

"कॅटचा अभ्यास झाला की सीईटी आपोआप निघते" हे मला अजिबात पटत नाही. कॅट ही आयआयएमसारख्या संस्थांची एमबीए प्रवेश परीक्षा, तर सीईटी महाराष्ट्रातल्या एमबीए कॉलेजांची. गणित-इंग्रजीचा पाया दोन्हीकडे कामी येतो, पण पेपरचा स्वभावच वेगळा आहे. कॅटमध्ये बहुपर्यायी उत्तर चुकलं की १ गुण कापला जातो, म्हणून प्रश्न सोडून द्यायला शिकावं लागतं. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद, आणि चुकीला दंड नाही. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका! शिवाय आकृत्यांचे प्रश्न असतात, त्यांचा सराव कॅटच्या अभ्यासात होतच नाही. तो रोज घड्याळ लावून वेगळा करा. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारखं मुंबईतलं नावाजलेलं एमबीए कॉलेज गाठायचं असेल तर नोव्हेंबरात कॅट संपताच सीईटीच्या सराव परीक्षा सुरू करा.