मदत हवी आहे: शिसवीची पूड मेपलच्या पट्टीत बसतेय

नमस्कार मंडळी. सावंतवाडीत घरीच गिटार बनवतोय. मागची फळी शिसवीची, कडेला मेपलची पांढुरकी पट्टी. १८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला की शिसवीची जांभळट-काळी पूड मेपलच्या रेषांत जाऊन बसते आणि पट्टी कळकट दिसते. स्पिरिटने पुसावं तर शिसवीचा रंगच सुटून पट्टीवर पसरतो!

शेजारचे सुतारकाका म्हणतात, आधी बारीक ब्रशने फक्त पट्टीवर चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) पातळ हात मार, मग घास. पटतंय, पण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत चपडा पांढरा पडतो, त्याचं काय? की पट्टीजवळ पेपर न लावता स्क्रेपरच्या पातळ पत्र्यानेच खरवडू? व्हॅक्यूमने फरक पडतो का? कोणी केलं असेल तर सांगा, काम अडलंय.