रेंजवरचा सेफ्टी ऑफिसर कडक हवा की गोड? पैसे भरून आलेल्या गिऱ्हाइकाचं काय?

गोदाकाठ (धागाकर्ता)

तासाचे पैसे भरून कुणालाही नेमबाजी करता येते अशा १० मीटरच्या एअर रेंज आपल्या मराठवाड्यातल्या शहरांतही दिसायला लागल्यात. तिथून परत आलेल्या हौशी माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, की सेफ्टीवाला सारखा खेकसतो. माझं मत असं की ऑफिसर दिवसभर खेकसत असेल तर दोष गिऱ्हाइकाचा नाही, रेंजच्या मांडणीचा आहे.

नवखा माणूस काय काय करणार हे आधीच ठरलेलं असतं. रायफल हातात आली की बोट आपोआप ट्रिगरवर जाणार. मागून कुणी "ए, इकडं बघ" म्हटलं की रायफलीसकट वळणार. छर्रा उलटा बसवणार, म्हणजे पोकळ बूड पुढं आणि सपाट तोंड मागं. एखाद वेळी एकावर एक दोन छर्रे भरणार. हे सगळं माहीत असताना प्रत्येक वेळी नव्यानं ओरडायचं कशाला?

माझ्या मते किमान एवढं हवं. हातात बंदूक न देता दहा मिनिटांची माहिती. फायरिंग लाइनच्या, म्हणजे जिथं उभं राहून मारायचं त्या रेषेच्या, मागं तीनेक मीटरवर कठडा, आणि सोबतची मंडळी त्याच्या पलीकडं. नवखे असतील तर चार लेनला एक ऑफिसर, आणि त्याला दुसरं कुठलंच काम नको. आपल्याकडं तोच माणूस पावती फाडतो, तोच टार्गेटचे कागद बदलतो, तोच रायफलीचा हवेचा सिलिंडर भरतो, वर फोटोही तोच काढून देतो. मग चूक त्याला उशिरा दिसते, आणि उशिरा दिसली की आवाज चढतो. खेकसणं हा स्वभाव नाही, मनुष्यबळाचा हिशेब आहे.

बालाघाट

साफ अमान्य. २० ज्यूलच्या आतली, ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची (नळीच्या भोकाची) एअरगन घ्यायला परवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजायलेत. माळेगावच्या जत्रेत फुगे फोडून आलेला माणूस इथं येतो आणि तसाच एका हातात बंदूक धरून गप्पा हाणतो. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या रायफलचा, छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, पण सुटतो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. म्हणजे साडेसात ज्यूल. डोळा जायला तेवढं रग्गड झालं. लेकराच्या डोळ्यात गेल्यावर "सॉरी सर" म्हणून भागतं का?

गोड बोललेली सूचना माणूस सल्ला म्हणून घेतो. ओरडून सांगितलेली हुकूम म्हणून घेतो. हॉटेलात वेटर गोड हवा, रेंजवर नको.

लेन नंबर ४

बालाघाट, ओरडण्याचा एक तोटा तुम्ही धरलाच नाही. नवख्याच्या मागून जोरात नाव घेऊन ओरडलं तर तो पहिल्यांदा काय करतो? आवाजाकडं वळतो. हातातल्या रायफलीसकट. जे थांबवायचं होतं तेच आपण घडवून आणतो.

नळी वळायला लागलेली दिसली तर बाजूनं पुढं व्हायचं, पंजा नळीखाली घालून ती टार्गेटकडं धरायची, आणि मग हळू आवाजात "बोट बाहेर" म्हणायचं. त्यासाठी ऑफिसर हाताच्या अंतरावर पाहिजे. खुर्चीवर बसून ते होत नाही. आरडाओरडा फक्त एकाच शब्दासाठी राखून ठेवावा: "थांबा!" तोही रेंजवरच्या कुणीही ओरडावा, गिऱ्हाइकानंसुद्धा, आणि तो ऐकला की सगळ्यांनी बोट बाहेर काढायचं. दिवसभर आवाज चढलेला असेल तर खऱ्या वेळी त्या शब्दाला वजन राहत नाही.

छर्रा नंबर १७७

सेफ्टी फ्लॅगवर कुणीच बोललं नाही. अर्ध्याहून जास्त वादावादी त्यानं मिटते.

फ्लॅग म्हणजे भडक रंगाची नायलॉनची दोरी, जाडी साधारण ३ मिलिमीटर. गवत कापायच्या मशीनची दोरी चालते. ती ब्रीचमधून, म्हणजे छर्रा भरायच्या मागच्या तोंडातून, घालून नळीच्या तोंडाबाहेर दिसली पाहिजे. पुढून टोक दिसलं म्हणजे नळीत छर्रा नाही हे सिद्ध झालं, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. नुसता ब्रीचमध्ये खोचलेला प्लॅस्टिकचा आखूड तुकडा ही खात्री देत नाही. प्रेशर कमी पडून छर्रा नळीत मध्येच अडकला असेल तर आखूड फ्लॅग मजेत बसतो.

नियम एवढाच ठेवायचा: फ्लॅग आत नसेल तर रायफल टेबलावर ठेवून हलायचं नाही, आणि एका जरी रायफलीत फ्लॅग नसेल तर टार्गेटकडं कुणी चालत जायचं नाही. पुलीवरच्या ट्रॉलीनं टार्गेट मागंपुढं नेता येतं अशा रेंजवर चालत जायची वेळच कमी येते, पण अडकलेली ट्रॉली सोडवायला जावंच लागतं. गडबड तेव्हाच होते.

सरळ प्रश्न

वेळ संपली, ऑफिसर "रिकामी करा" म्हणाला आणि रायफल भरलेली असेल तर? बऱ्याच जणांना हेच कळत नाही आणि मग शिव्या खातात.

छर्रा नंबर १७७

बसलेला छर्रा मागून काढता येत नाही. मारणाऱ्यानं नळी टार्गेटकडंच ठेवायची, बोट बाहेर, दुसरा हात वर करायचा आणि "भरलेली आहे" म्हणायचं. ऑफिसर येऊन परवानगी देतो, छर्रा ट्रॅपमध्ये (टार्गेटमागच्या छर्रे झेलणाऱ्या पेटीत) मारून टाकायचा, ब्रीच उघडायचं, फ्लॅग घालायचा. घाबरून टेबलाखाली किंवा जमिनीत मारणं सगळ्यात वाईट, कारण फरशीवरून छर्रा कुठंही उडतो. हे माहितीच्या दहा मिनिटांत प्रत्यक्ष हात वर करायला लावून शिकवायचं. नुसतं सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही.

बालाघाट

फ्लॅग ठीक आहे. पण तुम्ही सगळे गिऱ्हाईक शहाणं आहे असं धरून चालायलेत. स्वप्नील कुसाळेला २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ मिळालं, मनू भाकर टीव्हीवर दिसली, आता प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मॅच रायफल पाहिजे. कुणी तर "तीच ५० मीटरवाली द्या" म्हणतं. ती पॉइंट टू टू बोअरची, काडतुसाची, परवान्याचं हत्यार, एअर रेंजवर तिचा विषयच नाही. हे समजावून सांगायला गेलं की "आम्ही पैसे भरलेत" सुरू.

हलकं ट्रिगर

इथं मी बालाघाटच्या बाजूनं. गिऱ्हाइकाची हौस भागवायची म्हणून नवख्याच्या हातात मॅच रायफल देणं ही रेंजचीच चूक. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमानं किमान ५०० ग्रॅम वजन लागतं. एअर रायफलला अशी अटच नाही. स्पर्धक ते अगदी नाममात्र ठेवतात. नवख्याला ट्रिगर कुठं लागलं हेच कळत नाही आणि छर्रा सुटून जातो. भाड्याच्या रायफलीचं ट्रिगर मुद्दाम जड लावून ठेवावं.

आणि स्वस्तात भागवायचं म्हणून नळी मोडून भरायची देशी स्प्रिंग रायफल देत असाल तर तिची वेगळी गोष्ट. नळी उघडी असताना ट्रिगर दाबलं गेलं तर ती झटक्यात बंद होते. बोटं चेचतात, नळी वाकते ती कायमची. छर्रा भरताना एका हातानं नळी घट्ट धरूनच ठेवायची. शिवाय ती ओढायला जोर लागतो. दहा-बारा वर्षांचं लेकरू बट (मागचा दस्ता) पोटाला टेकवून ओढायला लागतं आणि तोंड भलतीकडं जातं. लेकरांना कोंबलेल्या हवेची, म्हणजे पीसीपीच द्या, आणि ती स्टँडवर टेकवून. साडेपाच किलोपर्यंतची रायफल लेकरानं पेलायची अपेक्षाच चुकीची.

जालन्याचा

अनुभवाचं बोला की राव. माणूस पैसे देतो, चाळीस छर्रे मारतो, एकही कागदावर लागत नाही, कारण त्याला डोळ्याचं कुणी सांगितलंच नाही. उजव्या हाताचा असून डावा डोळा प्रबळ असणारे पुष्कळ असतात. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये फट ठेवायची, त्यातून लांबची खूण बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं खूण तिथंच राहते तो प्रबळ. अर्ध्या मिनिटाचं काम. रायफलच्या टार्गेटवरचा टेन, म्हणजे दहा गुणांचा मधला भाग, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तो नवख्याला दाखवून काय उपयोग? पिस्तुलाचं टार्गेट लावा, त्याचा टेन साडेअकरा मिलिमीटरचा. माणूस खूश होऊन जातो. खूश माणूस सूचना ऐकतो, चिडलेला ऐकत नाही. सेफ्टी आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे विषय नाहीतच.

पहिले पाच ट्रिगर कोरडे दाबू द्या. पीसीपीला त्यासाठी ड्राय फायरची सोय असते. स्प्रिंगवाल्या रायफलीला मात्र हे करू नका, पिस्टन आपटून खराब होतो.

गोदाकाठ

जालन्याचा, अगदी. बालाघाट, "आम्ही पैसे भरलेत" याचं उत्तर पावतीवर छापा: नळी लाइनच्या मागं वळली तर फेरी तिथंच बंद, उरलेल्या छर्र्यांचे पैसे परत. मग वाद उरत नाही.

लेन नंबर ४

पैसे परत चालेल, पण एका चुकीत बाहेर हे फार झालं. मी दोन प्रकार करीन. बोट ट्रिगरवर, छर्रा उलटा, फ्लॅग विसरला, या शिकण्यातल्या चुका. तिथं जागेवर दुरुस्ती. नळी माणसाकडं, किंवा लोक पुढं गेलेले असताना बंदुकीला हात, हे झालं की त्या दिवसापुरतं बंद. पण पहिल्या पाच मिनिटांत नळी वळली आणि कारण मागून कुणी हाक मारली हे असेल, तर मी आधी हाक मारणाऱ्याला बाहेर काढीन.

बालाघाट

म्हणजे बंदूक याच्या हातात आणि शिक्षा त्याला? छान आहे.

टाकीचं पाणी

सगळे नळीच्या तोंडावरच अडकलेत. शिशाचं बघा जरा. चाळीस छर्रे म्हणजे २१ ग्रॅम शिसं. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं धरली तर किलोभर शिसं रोज ट्रॅपमध्ये जमा होतं, आणि त्याची बारीक धूळ टार्गेटखाली पडते. ती कोरड्या खराट्यानं झाडली की तीच धूळ नाकात. ओल्या फडक्यानंच पुसायचं, फडकं वेगळं ठेवायचं. गिऱ्हाईक छर्रे दातात धरून भरत असेल, हे लेकरं करतात बगा, तर तिथल्या तिथं थांबवायचं. मारून झालं की साबणानं हात, मगच समोसा.

आता उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात हात धुवायला पाणी कुठून, हा प्रश्न येतो. तोटीचं पिंप आणि साबण एवढं तरी दारातच ठेवा. नुसतं सॅनिटायझर शिसं काढत नाही. कॅन्टीन रेंजच्या आत तर नकोच.

पत्र्याचं शेड

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर सिलिंडरचंही सांगतो. २०० बारला भरलेला सिलिंडर दुपारी गाडीत ठेवला, आतलं तापमान २५ वरून ६० वर गेलं, तर प्रेशर सव्वादोनशेच्या जवळ जातं. आणि सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते, ती उलटल्यावर "अजून चांगला आहे" म्हणून वापरणारे महाभाग आहेत. भरताना हळू भरायचं, जोडावरच्या रबरी रिंगला साधं ग्रीस लावायचं नाही. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घ्यायची आयडिया कुणी दिली तर त्याला रेंजच्या आसपास फिरकू देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब एकत्र आले की पेट घेतात. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून त्याच्या अनुभवात येत नाही, पण ऑफिसरची खरी नोकरी इथं आहे.

लाइट गेली तर काय, हेही आधी सांगून ठेवा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट बंद पडलं की माणूस उठून स्क्रीन बडवायला लागतो. अंधार झाला म्हणजे "थांबा" झालंच, कुणी ओरडायची वाट बघायची नाही. नळी पुढं, बोट बाहेर, जागेवर उभं राहायचं. बॅटरीचा एक दिवा ऑफिसरच्या टेबलावर कायम हवा.

गोदाकाठ

फोटोचं राहिलं. लोकांना फोटो पाहिजेच असतो, नाही म्हणून चालत नाही. मोबाईलकडं तोंड करायला माणूस रायफलीसकट फिरतो, म्हणून मी म्हणेन की फोटोची जागाच ठरवून द्या. लाइनच्या बाजूला, पुढच्या अंगाला भिंतीला लागून, फोटो काढणारा कठड्याआडून. फेरी संपल्यावर, फ्लॅग आत असताना, ऑफिसर शेजारी उभा असताना. बंदी घातली तर लोक चोरून काढतात, ते जास्त वाईट.

बालाघाट

फ्लॅगचं मान्य, कठड्याचं मान्य, चार लेनला एक माणूस तर शंभर टक्के मान्य. फोटोचं नाही. कठड्याआडून म्हणजे फोटोवाला नळीच्या बाजूलाच आला की. फ्लॅग घालून का होईना, माणसाला माणसाच्या दिशेनं नळी न्यायची सवय आपणच लावायलोत. फोटो पाहिजे तर रायफल टेबलावर राहू द्या आणि टार्गेटचा कागद हातात धरून काढा. त्यावर नेम दिसतो तरी.

जालन्याचा

आणि कागद कोरा असला तर?

बालाघाट

तर आधी डोळा तपासा, तुम्हीच सांगितलंत.