पोकर टूर्नामेंटची लेव्हल २० वरून १२ मिनिटांवर आली तर

लेव्हल, म्हणजे ब्लाइंड (दर हाताला दोघांनी पत्ते बघण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स) वाढण्यामधला वेळ, छोटी झाली म्हणून इथे बरेच जण 'पहिल्यापासूनच ऑल-इन मारत सुटा', म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावा म्हणतायत, ते काही मला पटत नाही. सुरुवातीला मिळालेल्या चिप्स १०० बिग ब्लाइंड (दोनांतला मोठा ब्लाइंड) इतक्या असल्या तर त्या १००च असतात, घड्याळ कितीही पळू दे. खरी गंमत पुढे आहे. लाइव्ह टेबलवर तासाला साधारण २५-३० हात (डाव) होतात, म्हणजे १२ मिनिटांत जेमतेम ५-६, नऊ जण असतील तर एक फेरीसुद्धा पुरी होत नाही आणि ब्लाइंड वाढलेले! मग चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणाऱ्याचं काही खरं नाही.

माझंच सांगतो, ४००/८०० ब्लाइंडला १२,००० चिप्स घेऊन बसलेलो, बटणवर (डीलरच्या जागेवर) एक्का-नव्वी सूटेड (एकाच चिन्हाची) आली, माझ्यापर्यंत सगळे फोल्ड (पत्ते टाकून बाहेर), आणि मी १८०० चा रेझ (वाढवलेली बोली) मारून री-रेझला पत्ते टाकून दिले. पुढच्याच हाताला ६००/१२०० झालं, राहिले साडेआठ बिग ब्लाइंड. सरळ ऑल-इन हवा होता तिथे.

आणि नव्या स्ट्रक्चरमध्ये बिग ब्लाइंड अँटीपण (बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने टाकायचा आणखी एक बिग ब्लाइंड) आलाय ना, तो विसरू नका. २००/४०० ला पॉटमध्ये (मधल्या ढिगात) आधीच १००० पडलेत, त्यामुळे ८८० चा स्टील (बाकीच्यांना फोल्ड करायला लावून पॉट उचलायचा रेझ) ४७ टक्के वेळा चालला तरी भागतं, अँटी नसताना जवळपास ६० टक्के लागायचे. छोट्या पेअरवर (जोडीवर) सेटच्या, म्हणजे तसाच तिसरा पत्ता लागण्याच्या, आशेने कॉल करणं (समोरच्याच्या बोलीइतक्या चिप्स टाकणं) मात्र कमी करा, लागतो साधारण आठ-नवात एकदा आणि तेव्हा समोरच्याकडे द्यायला चिप्सच नसतात :)