जुन्या डेकच्या बॉक्सना मोबाइलवरून गाणी: छोटा अ‍ॅम्प्लिफायर कोणता घ्यावा?

औसारोड (लातूर)

जुन्या डेकचे दोन लाकडी स्पीकर बॉक्स घरात आहेत. मागच्या पट्टीवर ८ ओहम, ४० वॅट लिहिलंय. आत आठ इंची वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) आणि वर छोटा ट्वीटर (बारीक आवाजाचा). वायरीच्या टोकाला एक चपटी आणि एक गोल अशी दोन पिनांची जुनी पिन आहे. डेक आता दुरुस्त होण्यासारखा राहिला नाही. खोली १२ बाय १४, वर स्लॅब. सकाळी अभंग, संध्याकाळी जुनी गाणी, सगळं मोबाइलवरून लावायचंय. बजेट सात हजार.

दुकानात ४४४० चिपचं असेंबल मशीन (सुटे भाग जोडून केलेला अ‍ॅम्प्लिफायर) '३०० वॅट' म्हणून दाखवतात. ऑनलाइन तळहाताएवढे अ‍ॅम्प्लिफायरचे डबे '१०० + १०० वॅट' म्हणतात. ४० वॅटचे बॉक्स त्यावर जळतील का? आणि आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरूलालंय, त्याचंही सांगा.

तारजोड (परभणी)

भाऊ, अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी बॉक्स तपासा. पैसे तिथंच वाचतात किंवा बुडतात.

जाळी काढा आणि वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटानं हळूच दाबा. फोमची असेल आणि भुगा होत असेल तर आधी ती पट्टी बदलावी लागेल. रबराची किंवा कापडाची सहसा टिकलेली असते. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर (वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर) समान अंतरानं ठेवून सरळ आत दाबा. खरखर लागली तर कोनामागची तारेची कॉइल घासतेय. अशा वूफरवर नवीन अ‍ॅम्प्लिफायर लावून काही साधणार नाही.

आता मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा टिपा आणि तो पुढच्या मापातून वजा करा. ८ ओहमचा बॉक्स मीटरवर ८ दाखवत नाही, साडेपाच ते सात दाखवतो. तीन-साडेतीन आलं तर पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, तो ४ ओहमचा धरा. काहीच आलं नाही तर आधी पिन आणि तिथली सोल्डरिंग बघा, कॉइल नंतर.

या मापात फक्त वूफर कळतो. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा डीसी त्यातून जात नाही. हा जुना नॉन-पोलर इलेक्ट्रोलायटिक (प्लस-मायनस नसलेला, आत द्रव असलेला) कपॅसिटर सुकला की ट्वीटर दबतो आणि मग लोक म्हणतात बॉक्सचा आवाज बसला. त्यावर लिहिलेल्याच मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर टाका. दोन्ही बॉक्समध्ये टाका, एकातच नको.

जुन्या पिनेत गोल टोक प्लस, चपटं मायनस. खात्रीसाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचं प्लस बॉक्सच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा. एका बॉक्समध्ये बाहेर आणि दुसऱ्यात आत गेला तर एकाची जोडणी उलटी आहे. तसंच ठेवलं तर बास गायब होतो.

ओहमचा_हिशेब (नांदेड)

वॅटचं बघू. छोट्या डब्यांत बहुधा टीपीए ३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची क्लास डी (वेगानं चालू-बंद होऊन आवाज वाढवणारी) चिप असते. कंपनीच्या कागदावर तिचे १०० वॅट आहेत, पण ते दोन्ही चॅनल एकत्र जोडून, २१ व्होल्टवर आणि २ ओहमच्या लोडवर. दोन चॅनलचे ५० + ५० सुद्धा ४ ओहमवरचे. तुमचे बॉक्स ८ ओहमचे, म्हणून हे आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

तुमच्यासाठी हिशेब असा: अडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीनं भागा. २४ व्होल्टला ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. ही वरची हद्द झाली, स्वच्छ आवाजात ३० च्या आसपास धरा. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर २२ आणि सीसीटीव्हीच्या १२ व्होल्टवर ९. डब्यावर काहीही छापलेलं असो, आवाज न फाटता याच्या वर जाता येत नाही. एकच डबा १२ व्होल्टवर लुळा वाटतो आणि २४ वर खुलतो, तो यामुळंच.

म्हणून ४० वॅटचे बॉक्स ३६ वॅटवर सहज चालतील. जळतो बहुतेक वेळा ट्वीटर, आणि तोही अ‍ॅम्प्लिफायर मोठा असल्यानं नाही. आवाज फाटेपर्यंत नॉब फिरवला की लाटेचे माथे कापले जातात आणि त्यातून तयार होणारी वरची कंपनं ट्वीटरवर जातात. आवाज चिरका झाला की नॉब मागं घ्या. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, तुमच्या खोलीला ३० पुरे झाले.

४४४० चं असेंबल घेऊ नका. एलए ४४४० ही १३.२ व्होल्टवर ४ ओहमला चॅनलमागं ६ वॅट देणारी चिप आहे, ब्रिज केली (दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडले) तर १९. '३०० वॅट' कुठून आले ते दुकानदारालाच विचारा. शिवाय आत साधा ट्रान्सफॉर्मर असतो. वीज १७० झाली की त्याचे १२ व्होल्ट ९ च्या आसपास येतात. वर गुणगुणही येते.

एक ताकीद. या क्लास डी डब्यांत स्पीकरची मायनस तार म्हणजे ग्राउंड नव्हे, तिच्यावरही सिग्नल असतो. डाव्या-उजव्याच्या मायनस एकत्र बांधू नका, पत्र्यालाही लावू नका. चिप जाऊ शकते.

औसारोड

मोजलं. एक ६.४, दुसरा ६.६. पट्टी रबराची आहे, खरखर नाही. मग २४ व्होल्टचा पुरवठा कोणता घ्यावा? आणि ब्लूटूथ की वायफाय?

तारजोड

बॉक्स चांगले आहेत, जपा.

डब्यासोबत २४ व्होल्टचा अडॅप्टर आला आणि त्यावर १००-२४० लिहिलेलं असलं तर १७० ची काळजी नको, असा एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा पुरवठा) तेवढ्यात २४ देतोच. अँपिअर मात्र ४-५ असू द्या. सुटा घ्यायचा तर मीनवेल कंपनीचा एलआरएस-१००-२४ सप्लाय, साडेचार अँपिअरचा. तो ८५ पासून २६४ व्होल्टपर्यंत चालतो. मोठा म्हणून एलआरएस-१५० घेऊ नका. त्याला ११५/२३० चा खटका असतो आणि २३० वर त्याची खालची हद्द १७० आहे. चुकून खटका ११५ वर राहिला आणि २३० दिले तर तो जातो.

या पत्र्याच्या सप्लायवर २३० चे स्क्रू उघडे असतात, म्हणून डब्यात बंद करून जाळीनं हवा द्या. अर्थिंग जोडाच. नाहीतर पत्र्याला झिणझिण्या लागतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतत राहा. कमी व्होल्टेजपेक्षा खरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. घरात ४०० पर्यंत येऊ शकतात. जास्त व्होल्टला तोडणारा कटऑफ लावा आणि वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा.

वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटर. पाच मीटर लांबीला जाऊन-येऊन ०.१२ ओहमच्या आसपास, ८ ओहमपुढं नगण्य.

ओहमचा_हिशेब

ब्लूटूथ या बजेटमध्ये पुरेसं आहे. ३११६ चा, ब्लूटूथ आणि मागं आरसीए इनपुट (लाल-पांढऱ्या पिनांची जागा) असलेला धातूच्या बॉडीचा डबा घ्या. फोसी किंवा आयीमाचे असे डबे मिळतात. आरसीएचा आग्रह धरा, कारण पुढं वायफायचा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा छोटा डबा) तिथंच लागेल. वायफायचा फायदा हा की स्ट्रीमर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो, फोन आला तरी अभंग तुटत नाही. टीपीए ३२५५ या मोठ्या चिपचा डबा पुढच्या पायरीचा, पण त्याचा फायदा ३२-४८ व्होल्टच्या सप्लायवरच. तुमच्या बॉक्सना त्याची गरज नाही.

फोनचा आवाज ९० टक्क्यांवर ठेवा आणि कमी-जास्त डब्याच्या नॉबनं करा. उलटं केलं की पार्श्वभूमीची सळसळ वाढते.

हरिपाठ_मंडळ (हिंगोली)

मध्येच विचारतो. देवळातले अहुजाचे कॉलम स्पीकर अशा डब्याला जोडले, आवाज अगदी बारीक येतो. डबा खराब का?

ओहमचा_हिशेब

दादा, डबा ठीक असावा. त्या कॉलममध्ये १०० व्होल्ट लाइनचा (लांब तारेवर अनेक स्पीकर चालवायच्या पद्धतीचा) ट्रान्सफॉर्मर दिसतोय. त्याचा १० वॅटचा टॅप (जोडणीचं टोक) म्हणजे १००० ओहम. २४ व्होल्टचा डबा त्यात पाव वॅटच्या आसपास ढकलतो. मागचं झाकण उघडा, ट्रान्सफॉर्मर बाजूला करा आणि आतल्या स्पीकरच्या जोडणीवर मीटर लावा. ४ ते ८ ओहमचं असेल तर थेट जोडता येईल. पण एकदा ट्रान्सफॉर्मर काढला की तो कॉलम देवळाच्या १०० व्होल्टच्या लाइनवर परत लावू नका, कॉइल लगेच जळेल. झाकणावर मार्करनं तसं लिहून ठेवा.

तारजोड

औसारोड भाऊ, गाणं बंद असताना बारीक 'चिंई' ऐकू आली तर सुट्या बोर्डात ती बहुधा ब्लूटूथ मॉड्यूल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचं ग्राउंड एकच असल्यानं येते. मॉड्यूलला बी०५०५एस हा अलग ५ व्होल्टचा कन्व्हर्टर द्या, एक वॅटचा पुरतो. चिंई नसून जाड घूं असेल आणि ती फक्त टीव्ही किंवा डिशचा बॉक्स आरसीएला जोडल्यावर येत असेल, तर डिशची केबल काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी ग्राउंड जोडलं जाऊन झालेला फेरा) आहे, मध्ये १:१ ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर टाका.