शब्दचर्चा : धमन्या ‘कडक’ होतात, ‘ताठर’ होतात की ‘निबर’?

उंबरठा (दादर)

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी चार पानी आरोग्यपुस्तिका मराठीत करून देतेय. तिसऱ्या पानावर घोडं अडलंय. शब्द आहे ‘आर्टेरियल स्टिफनेस’. आधी ‘धमनीकाठिण्य’ लिहिलं आणि कच्चा मजकूर आईला वाचायला दिला. वय ७८, चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाली, “काठिण्य म्हणजे पेपर कठीण असतो तसं का गं?” काठिण्यपातळी या एका शब्दाने बाकीचं सगळं काठिण्य गिळून टाकलंय!

मग ‘कडक’. पण कडक इस्त्री, कडक चहा, कडक मास्तर... मराठीत कडक ही जवळजवळ शाबासकीच. शिवाय याच शब्दाने गेल्या महिन्यात घरात गोंधळ झाला होता. आईचं बीपी १६४/६८ आलं. डॉक्टर म्हणाले, “वयोमानाने नसा कडक झाल्यात.” मावशीने ऐकलं ‘नसा ब्लॉक झाल्यात’. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांचे फोन : किती टक्के? ॲन्जिओग्राफी कधी? माझी अट एवढीच की शब्द वाचल्यावर कुणाला ‘ब्लॉकेज’ वाटू नये. सुचवा.

साडेनऊची स्लो (परळ)

पेशाने डॉक्टर, मराठी दहावीपर्यंतचं, तेव्हा शब्द तुम्हीच ठरवा. वस्तू काय आहे ते सांगतो.

हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी ताणली जाणारी असते. ठोक्यासरशी फुगते, थोडं रक्त आपल्याच पोकळीत साठवते आणि हृदय विसावा घेतं तेव्हा आकसून ते पुढे ढकलते. वयाबरोबर भिंतीतले इलॅस्टिनचे, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणाऱ्या प्रथिनाचे, तंतू तुटत जातात आणि ते तरुणपणानंतर नव्याने फारसे बनत नाहीत. त्यांच्या जागी भार पडतो कोलॅजेन या दुसऱ्या प्रथिनावर, जे ताणायला फारसं राजी नसतं. कॅल्शियमही बसतं. मग फुगणं नाही, साठवण नाही. ठोक्याचा सगळा जोर एकदम पुढे जातो म्हणून वरचा आकडा चढतो, आणि विसाव्याच्या वेळी ढकलायला मागे काही उरत नाही म्हणून खालचा उतरतो. तुमच्या आईंच्या आकड्यांत तेच दिसतं. १२०/८०मध्ये अंतर ४०, यांच्यात ९६.

खालचा कमी आहे म्हणून खूश होणारे पेशंट रोज भेटतात. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना रक्त मुख्यतः त्या विसाव्यातच मिळतं, हे त्यांना सांगावं लागतं. वरचा दणका मेंदू आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांपर्यंत जाऊन आदळतो तो वेगळाच.

ब्लॉकेज हे दुसरं प्रकरण. तिथे भिंतीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर बसतो आणि वाट अरुंद होते. त्याचं नाव ॲथेरोस्क्लेरोसिस. हा शब्द १९०४ साली मार्शांद या जर्मन शास्त्रज्ञाने घडवला. त्यातल्या ‘ॲथेरे’चा ग्रीकमधला अर्थ लापशी. थर चिरला की आत तसंच लिबलिबीत दिसतं. बिनलापशीची नळीही ताठ होऊ शकते. मधुमेह, बिडी-सिगारेट, वाढलेलं बीपी आणि मूत्रपिंडाचा आजार दोन्हीला हातभार लावतात, त्यामुळे दोन्ही एकाच माणसात सापडतात आणि मावशींचा गोंधळ होतो.

फळा-खडू (मुलुंड)

‘नसा’ मात्र छापू नका. मुंबईत नस दबते ती बहुधा मज्जातंतूची असते. शीर म्हणावं तर ती अळूच्या पानालाही असते, आणि पुस्तकात ‘शिरा’ म्हणजे अशुद्ध रक्ताची वाहिनी. (अनेकवचन केलं की साजूक तुपातला शिरा आठवून वर्ग हसायचा.) विश्वकोशात रोहिणी आणि नीला आहेत. सुरेख शब्द, पण ‘रोहिणी कडक झाली’ हे वाचून तुमच्या संघातली एखादी रोहिणी भांडायला येईल.

धमनीच ठेवा. चरकसंहितेत ‘ध्मानात् धमन्यः’ म्हटलंय. ध्मा म्हणजे फुंकणं, भाता मारणं. डॉक्टरांनी वर्णन केलेली फुगणारी-आकसणारी नळी म्हणजे भाताच की! चामडं वाळलेला भाता लोहाराच्या काही कामाचा नाही.

माझं मत ‘ताठरता’. ताठ मान चांगली, ताठा वाईट. ताठर म्हणजे जिथे लवायला हवं तिथेही न लवणारं.

अळूवडी (गिरगाव)

एवढा खल कशाला? निबर! भेंडी निबर होते, काकडी निबर होते. बाहेरून तशीच हिरवीगार, टोक मोडायला गेलं की कळतं. कुणी आत काही भरलेलं नसतं, कोवळेपण गेलेलं असतं. ब्लॉकेजचा संशय यायलाच जागा नाही.

आमच्या चाळीच्या गॅलरीत पिंप भरायचा रबरी पाइप आहे. नवा होता तेव्हा नळ सोडला की नुसता फुगायचा. चार उन्हाळे खाल्ल्यावर असा निबर झाला की नळ सोडताच टोक साप उसळावं तसं उसळतं आणि शेजारच्या काकूंचं लुगडं भिजतं. आत कचरा नाही, शेवाळं नाही.

फळा-खडू (मुलुंड)

पाइप पटला. पण निबर भेंडी आपण फेकून देतो हो. सत्तरीच्या माणसाच्या हातात हा शब्द द्यायचा?

साडेनऊची स्लो (परळ)

गुरुजींशी सहमत, वेगळ्या कारणाने. निबर भेंडी परत कोवळी होत नाही. इथे अगदीच तसं नाही. नियमित चालणं, मीठ कमी, तंबाखू बंद, बीपीच्या गोळ्या वेळेवर, याने ताठरपणा काही अंशी उतरतो, निदान वाढीचा वेग मंदावतो. पूर्वी ‘शंभर अधिक वय’ एवढं बीपी चालायचंच असं म्हणत. १९९१ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत साठीपुढची, वरचा १६०च्या पुढे आणि खालचा ९०च्या आत अशीच माणसं घेतली होती. औषध दिलेल्यांत पक्षाघात एक तृतीयांशाहून जास्त घटले.

मोजमापही सांगून ठेवतो. मान आणि जांघ इथली नाडी टिपून ठोक्याची लाट किती वेगाने धावते ते पाहतात. सेकंदाला १० मीटरच्या वर गेली तर धमनी ताठर समजतात. हा रक्ताचा वेग नव्हे, लाटेचा. दादरच्या पुलावर गर्दी विरळ असली तर मागचा धक्का मधेच जिरतो. खच्चून भरली असली तर ढकलणारा आहे तिथेच राहतो आणि धक्का जिन्यापर्यंत पोचतो.

उंबरठा (दादर)

पुलावरचा धक्का ढापतेय. मथळा ‘धमन्यांची ताठरता’ असा ठेवला, खाली लगेच ‘हे ब्लॉकेज नव्हे’, ठळक अक्षरात. पाइप चौकटीत, लुगड्यासकट. निबर त्या चौकटीत एकदाच येईल, पाइपाबद्दल, माणसाबद्दल नाही.

आईला पुन्हा वाचायला दिलं. पाइपाशी थांबली, म्हणाली, “आपलाही बदलायला झालाय.” मग मशीन काढून दंडाला पट्टा बांधला. १५८/७०. वजाबाकी तिने स्वतः केली, कॅलेंडरच्या समासात.

अळूवडी (गिरगाव)

लुगडं राहिलं ना, मग हरकत नाही. पण ‘वातड’चा विचार कुणी केलाच नाही.