आजोबांची 1974ची पद्मिनी कार ठेवावी का? मराठवाड्यात जुन्या गाड्यांचा क्लब कुणाचा आहे का?

परभणीकर:
मंडळी, आमच्या वाड्यात आजोबांची पद्मिनी उभी हाय, घरचे भंगारात देऊन टाक म्हणायलेत पण माझं मन होत नाही, स्टेअरिंगपाशी गिअर असलेली ती गाडी शिकूनच मी मोठा झालो. आता पोरांना एसयूव्हीचंच येड आहे, जुन्या गाडीची कदर राहिली का कुठं?

जालन्याचा जावई:
भाऊ, देऊ नका! उलट आता मागणी वाढायली. 2001 च्या आसपास पद्मिनी बंद झाली, 2014 ला अ‍ॅम्बेसेडर, अन् 2023 ला मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोकं किती हळहळले बगा. जे रोज दिसायचं ते दिसंना झालं की किंमत कळते.

लातूर_गॅरेज:
दादा, 50 वर्षं झालेली अन् मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 2021 चा केंद्राचा नियम आहे. नव्या नोंदणीला 20 हजार फी, 10 वर्षं चालते, नंबरात व्हीए येतं. पण मग रोज बाजाराला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढंच. अन् मूळ रूप टिकायला हवं म्हणून इंजिन बदलू नका, डिझेल तर बिलकुल टाकू नका. पार्ट अन् मिस्त्रीसाठीच क्लब लागतो, फोटोसाठी नाही, कार्बुरेटर (इंजिनात पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जुळवणारे मिस्त्री म्हातारे झालेत.

परभणीकर:
इंजिन मूळचंच हाय. उद्याच आरसी शोधतो, संभाजीनगर-जालन्याकडचं कुणी असंल तर सांगा, आपणच चार गाड्या जमवू.